मांडी-पोटरीला बांधायचं थंडाव्याचं उपकरण बनवतोय, रचनेवर चर्चा हवी

उष्मांक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेलं काम आता हातात घेतलंय. पळून किंवा सायकल चालवून झाल्यावर मांडीला, पोटरीला बांधता येईल असं थंडावा देणारं उपकरण. अटी माझ्या मीच घातल्यात. पाठपिशवीत मावलं पाहिजे, वजन दीड किलोच्या आत हवं, मैदानावर फ्रीझर नाही हे गृहीत, आणि तापमान आपल्या ताब्यात हवं. बर्फाच्या पिशवीचा मला वैताग आहे. आधी ती फार गार असते, मग गळते, मग कोमट होते, आणि यातलं काहीच आपण ठरवत नाही.

कच्चा आराखडा: ४० × ४० मिमीचे चार पेल्टियर मॉड्यूल (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणाऱ्या चकत्या), त्वचेकडून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, बाहेरून पंखे बसवलेले हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारे धातूचे ठोकळे), लिथियम-आयन बॅटरी आणि एक मायक्रोकंट्रोलर. पेल्टियरच का, तर हलणारा भाग म्हणजे फक्त पंखा. गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही. शिवाय प्रवाहाची दिशा उलटी केली की तेच मॉड्यूल गरम करतं, म्हणजे गार-गरम आलटून पालटून देता येईल.

त्वचेचं तापमान किती धरायचं, किती वेळ, आणि ही रचना कुठे मार खाणार, हे सांगा. "बर्फच लाव की" हा सल्ला आधीच मिळालेला आहे.

पळपुटा

बर्फच लावा की. 😀

गंमत केली. वाचतोय, पुढील लेखनास शुभेच्छा.

सांधेजोड

मी फिजिओ आहे, म्हणून तापमानाचं आधी सांगते. साध्या हवेत त्वचा ३२ ते ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वेदना बधिर व्हायला ती साधारण १३-१४ अंशांपर्यंत उतरावी लागते. १० च्या खाली नेऊन फायदा वाढत नाही, धोका मात्र वाढतो. म्हणून तुमचं लक्ष्य १२ ते १५ आणि वेळ १५ ते २० मिनिटं.

पण एक गोष्ट आराखडा पक्का करण्याआधी भिंतीवर लिहून ठेवा: त्वचा गार झाली म्हणजे स्नायू गार झाला असं नाही. मध्ये चरबी असते आणि ती फार चांगली गोधडी आहे. २००२ साली याच प्रश्नावर एक नेटका अभ्यास झाला. मांडीवर बर्फ ठेवून चरबीच्या थराखाली १ सेंमीवर स्नायूचं तापमान ७ अंशांनी उतरायला किती वेळ लागतो, ते मोजलं. चिमटीत धरलेल्या त्वचेची जाडी १० मिमीपर्यंत असलेल्यांना सरासरी ८ मिनिटं पुरली. ११ ते २० मिमीवाल्यांना २३, २१ ते ३० वाल्यांना ३८, आणि ३१ ते ४० वाल्यांना जवळजवळ ५९ मिनिटं लागली. एकच "२० मिनिटं" असा टायमर सगळ्यांना कसा चालेल, याचा विचार करा.

जागेचंही भान ठेवा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या हाडाच्या डोक्याजवळून मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. तिथे घट्ट बांधून गारवा दिल्यामुळे पाऊल लुळं पडल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. कोपराच्या आतल्या बाजूलाही तेच. तुमची पट्टी मांडीची असली तरी लोक ती गुडघ्यावर बांधणारच.

उष्मांक

@सांधेजोड, अनेक आभार. त्वचेच्या जाडीचे आकडे कामाचे आहेत. म्हणजे वेळ ठरवण्याआधी वापरणाऱ्याने चिमटीने जाडी मोजून भरायची, अशी सोय ठेवता येईल.

शंकासुर

रंगाचा बेरंग करतो, पण मुळात हे उपकरण हवंच कशाला? विश्रांती, बर्फ, दाब, उंचावर ठेवणं या चौकडीचं इंग्रजी आद्याक्षरांचं सूत्र डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं. त्यांनीच पुढे लिहिलं की बर्फामुळे भरून येण्याला उशीर होऊ शकतो. सूज म्हणजे शरीराची दुरुस्तीची यंत्रणा आहे, ती दाबून काय साधणार?

आणखी एक. २०१४ मध्ये एक झकास प्रयोग प्रसिद्ध झाला. वेगाने दामटून सायकल मारल्यावर एका गटाला सुमारे १० अंशांच्या पाण्यात बसवलं. दुसऱ्याला कोमट पाण्यात. तिसऱ्यालाही कोमटच पाण्यात, पण त्यात साधं त्वचा धुण्याचं द्रव्य मिसळून "हे खास रिकव्हरीचं तेल आहे" असं सांगितलं. गार पाणीवाले आणि थापेचं तेलवाले यांची पायातली ताकद सारखीच परत आली! नुसतं कोमट पाणीवाले मागे राहिले.

तेव्हा चार पेल्टियरऐवजी एक निळा दिवा आणि घुर्र आवाज करणारा पंखा लावा. वजन दोनशे ग्रॅम.

पळपुटा

हसून हसून पुरेवाट. निळ्या दिव्याचं पहिलं गिऱ्हाईक मी.

सांधेजोड

शंकासुर, आक्षेप रास्त आहे, पण तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकत्र केलेत. मर्किन यांचं म्हणणं दुखापतीबद्दल होतं. इथे विषय आहे व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणाऱ्या ठणक्याचा. त्यावर २०१२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १७ छोट्या चाचण्यांचा आढावा घेतला. नुसत्या विश्रांतीपेक्षा गार पाण्यात बसल्याने ठणका कमी होतो, एवढं म्हणण्याइतका पुरावा त्यांना दिसला. त्या चाचण्यांमध्ये कुणाला आपण कुठल्या गटात आहोत हे कळण्यापासून रोखता येत नाही, ही तुमची शंका मात्र तिथेही उरतेच.

खरी सावधगिरी वजनं उचलणाऱ्यांनी बाळगायची. २०१५ च्या अभ्यासात १२ आठवडे प्रत्येक सत्रानंतर १० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद, हलकी सायकल मारून अंग मोकळं करणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. म्हणजे स्नायू कमावण्याच्या काळात रोजच्या रोज गारवा नको. लागोपाठ दोन दिवस स्पर्धा असेल आणि उद्या पाय चालायलाच हवेत, तिथे तो उपयोगी. उष्मांक, हे वाक्य माहितीपत्रकात तळाला बारीक अक्षरात नको, खोक्यावर हवं.

आकडेमोड्या

वादात पडत नाही, उष्णतेचा हिशोब मांडतो. कोणी तपासला तर बरं.

पट्टी २० × २० सेंमी धरू, म्हणजे ०.०४ चौरस मीटर. त्वचा आणि चरबी मिळून १० मिमी. चरबीची उष्णतावाहकता सुमारे ०.२ वॅट प्रति मीटर-अंश. आत ३६, त्वचेवर १३, फरक २३ अंश. ०.२ भागिले ०.०१ गुणिले २३ म्हणजे ४६० वॅट प्रति चौरस मीटर. आपल्या पट्टीतून सुमारे १८ वॅट.

२० मिनिटांत २२ किलोज्यूल झाले. मधला चरबीचा थर स्वतः गार व्हायला अजून साधारण १० किलोज्यूल. बाहेरच्या हवेतून झिरपणारी उष्णता ४-५. एकूण ३६-३७ किलोज्यूल. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल शोषतो. म्हणजे एका बैठकीला लागतो सुमारे ११० ग्रॅम बर्फ. व्यायामानंतर स्नायू तापलेला असतो, रक्तप्रवाहही जोरात असतो, म्हणून दुप्पट धरा. तरी पाव किलोच्या आत!

आता पेल्टियर. सुरुवातीच्या मोठ्या भारासकट ३० वॅट शोषायचे. त्वचा १३ वर हवी तर पट्टी ८ अंशांवर ठेवावी लागेल. बाहेर हवा ३२ ची असेल तर हीटसिंक ४८ पर्यंत जाणार. दोन बाजूंमध्ये फरक ४० अंशांचा. इतक्या फरकाला एकथरी पेल्टियरची कार्यक्षमता ०.४५ मिळाली तर नशीब समजा, म्हणजे १ वॅट वीज देऊन ०.४५ वॅट उष्णता उचलली जाते. ३० साठी वीज ६७ वॅट. आणि हीटसिंकला हवेत फेकायचे आहेत ३० + ६७ = ९७ वॅट.

बॅटरीचं ओझं नाही बरं का. २० मिनिटांना २२-२५ वॅट-तास, १८६५० मापाचे तीनच सेल, दीडशे ग्रॅम. अडचण त्या ९७ वॅटची आहे. हीटसिंक हवेपेक्षा फक्त १६ अंशांनी गरम राहून एवढी उष्णता फेकायला हवा. दर वॅटला ०.१६ अंश. टेबलावरच्या संगणकात प्रोसेसरवर बसवतात तो मोठा ठोकळा डोळ्यासमोर आणा. तो तुमच्या मांडीवर.

उष्मांक

आकडेमोड्या, हिशोब तपासला, मला दोष सापडत नाही. पण चार मॉड्यूल कमी प्रवाहावर चालवले तर कार्यक्षमता वाढते ना? ०.४५ हा आकडा थोडा निराशावादी वाटतो.

तारांबळ

वाढते, पण फार नाही. ज्याला आपण सगळे "१२७०६" म्हणतो तो घ्या. १२७ जोड्या, ६ अँपिअर. विक्रीच्या पानावर ६० वॅट लिहिलेलं असतं, ते दोन्ही बाजूंचं तापमान सारखं असताना. ४० अंशांचा फरक पडला की त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, आणि तोही पूर्ण प्रवाह दिल्यावर. म्हणून चार मॉड्यूल २.५-३ अँपिअरवर चालवायची तुमची कल्पना बरोबरच आहे. ०.५ च्या जरा वर जाल. ९७ चे ८५-९० होतील. ठोकळा तसाच राहील.

आता करणारच असाल तर:

पीडब्ल्यूएमने, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून, थेट पेल्टियर चालवू नका. सगळे करतात आणि सगळे फसतात. गारवा सरासरी प्रवाहाच्या प्रमाणात मिळतो, पण मॉड्यूलच्या आतली तापण्याची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६ अँपिअर अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद. सरासरी ३, पण तापणं सलग ३ अँपिअरच्या दुप्पट. मध्ये इंडक्टर-कपॅसिटर घालून गुळगुळीत प्रवाह द्या.

थर्मोस्टॅटसारखं चालू-बंदही नको. दर वेळी मॉड्यूलच्या आतल्या अर्धवाहक ठिकऱ्यांचे सोल्डरचे सांधे आकुंचन-प्रसरण पावतात आणि मॉड्यूल अकाली मरतो. शिवाय बंद केल्याक्षणी तापलेल्या हीटसिंकची उष्णता मॉड्यूलमधूनच उलटी त्वचेकडे येते. लोक विचारतात, "बंद केल्यावर गरम का लागतं?" म्हणून थांबवतानाही प्रवाह हळूहळू उतरवा आणि पंखा मागे चालू ठेवा.

स्क्रू पिळताना चारी बाजूंनी सारखा ताण. सिरॅमिकला तडा गेला की संपलं.

तापमानाचा वेध घ्यायला १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापमान वाढलं की ज्याचा विद्युतरोध कमी होतो तो सेन्सर) भरपूर झाला. पण दोन लावा, आणि सॉफ्टवेअरपासून पूर्ण स्वतंत्र असा एक तापमानावर तुटणारा स्विच. मायक्रोकंट्रोलर अडकला तर कोणीतरी वीज तोडायला हवी.

टाकाटिपा

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या गर्दीत एक शिवणकामवाली. मी खेळाचे सपोर्ट आणि ब्रेसेस शिवते.

मांडी सपाट नसते हो! वर रुंद, खाली निमुळती, आणि स्नायू आवळला की आकार बदलतो. तुमच्या ४ सेंमीच्या ताठ पट्ट्या तिच्यावर कडांनी टेकतील आणि मध्ये हवा राहील. हवेची वाहकता ०.०२६ आहे. म्हणजे नुसती १ मिमी हवेची फट म्हणजे जवळजवळ ८ मिमी जादा चरबी! वर इतका हिशोब मांडलात तो सगळा त्या फटीत जाईल. दोन मिमी सिलिकॉनची गादी घातलीत तर तिचा अडथळा त्या फटीच्या पाव हिस्सा. म्हणून मऊ थर टाळू नका, जरूर घाला, फक्त पातळ.

दाब हवाच, तोही सगळीकडे सारखा. एकच रुंद पट्टा आवळला तर खालच्या कडेला वळ उठतो. वर आणि खाली दोन वेगळे पट्टे द्या, ताणणाऱ्या कापडाचे, वेल्क्रोचे. बाहेरून निओप्रीन चालेल, उष्णतारोधक आहे, पण काहींना त्यातल्या रसायनांनी त्वचेला खाज-पुरळ येते. म्हणून आतून दुसरं कापड, काढून धुता येणारं. घामाच्या उपकरणाला धुता न येणारं आवरण म्हणजे महिन्याभरात कोणी जवळ घेणार नाही.

आणि गार पृष्ठभागावर हवेतलं पाणी धरतं. ते कुठे जाणार, ठरवलंय? तारा तिथेच आहेत तुमच्या.

उष्मांक

@टाकाटिपा, हवेच्या फटीचं गणित झोप उडवणारं आहे. 😀 दवबिंदूसाठी पट्ट्यांभोवती बंद पेशींचा फोम आणि सर्किटवर लेप, एवढं योजलं होतं.

नळकांडे

मग पाणी फिरवा ना. गार करणारा भाग मांडीवर कशाला? कमरेच्या पिशवीत बर्फ-पाण्याची टाकी, छोटा पंप, आणि मांडीवर टीपीयू या लवचीक प्लास्टिकच्या दोन थरांत वेल्ड केलेल्या वाहिन्यांची मऊ गादी. ती आकार घेते, फट राहत नाही. मिनिटाला ३०० मिली पाणी फिरलं तर १८ वॅट उचलताना पाणी एक अंशानेही तापत नाही, म्हणजे गादीच्या दोन टोकांत फरक नगण्य. परतीचं थोडं पाणी टाकीला वळसा घालून मिसळलं की गादीत शिरणारं पाणी १० अंशांवर धरता येतं. तापमान ताब्यात हवं होतं ना?

उणिवा सांगतो. गुडघा वाकला की नळी दुमडते आणि प्रवाह बंद, त्यामुळे वाहिन्यांमध्ये ठिपक्यांसारखे वेल्ड हवेत, म्हणजे एक वाट बंद झाली तर दुसरी उघडी. जोड काढताना आपोआप बंद होणारे कनेक्टर हवेत. पाणी आत तसंच ठेवून दिलं की शेवाळ.

उष्मांक

पण बर्फ आला की फ्रीझर आला. माझी मूळ अटच तुटली.

पळपुटा

दाबून फोडायचे ते झटपट गार पाऊच? त्यांना काहीच लागत नाही.

आकडेमोड्या

अमोनियम नायट्रेट पाण्यात विरघळताना ग्रॅमला सुमारे ३२० ज्यूल शोषतं, युरिया २५० च्या आसपास. कागदावर बर्फाच्या तोडीस तोड. पण जवळजवळ तेवढंच पाणीही सोबत वाहायचं आणि तेही गार करायचं, म्हणून एकूण वजनाला निम्मंच. एकदा वापरून फेकायचं. अमोनियम नायट्रेटवर स्फोटकांमुळे बऱ्याच देशांत निर्बंध आहेत ते वेगळंच. तापमानावर ताबा शून्य.

कोणी "ओलं फडकं आणि पंखा" म्हणायच्या आत: एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना २४०० ज्यूल जातात, बर्फाच्या सातपट. हेवा वाटावा असा आकडा. पण त्या वाटेने हवेच्या ओल्या फुग्याच्या तापमानाखाली (ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक त्या हवेत दाखवतो ते) उतरता येत नाही. दमट हवेत तिथेच खेळ संपतो.

मेणबत्ती

उशिरा आलो, पण माझ्या आयडीचं सार्थक करणारा धागा दिसला.

मेण वापरा. पेंटाडेकेन नावाचं पॅराफिन १० अंशांना वितळतं, हेक्झाडेकेन १८ ला. ग्रॅमला २०० ज्यूलच्या आसपास शोषतात. मिश्रणं करून मधली तापमानंही मिळतात, १५ अंशांचे तयार पॅक असतात. दोन मोठे फायदे. एक, गोठायला फ्रीझर लागत नाही, साधा फ्रिज किंवा ८ अंशांची पट्टी पुरते. दुसरा जास्त महत्त्वाचा: १५ ला वितळणाऱ्या पॅकने, वितळत असताना, त्वचा १५ च्या खाली जाऊच शकत नाही. कंट्रोलर नाही, स्विच नाही, तरी सुरक्षित. वणवण करून तारांबळ जे दोन सेन्सर आणि तुटणारा स्विच लावतायत ते इथे पदार्थ स्वतः करतो.

न्यूयॉर्कच्या एका क्रीडा-वैद्यक संस्थेत १५ अंशांचे असे पॅक कपड्यांखाली मांडीला लावून सहा-सहा तास ठेवण्याचे प्रयोग झालेत, ठणका आणि ताकद दोन्ही मोजून. लोक पॅक बांधून आपापल्या कामाला गेले.

आकडेमोड्या

थांबा, १५ चा पॅक म्हणजे १५ ची त्वचा नव्हे. मेणाची वाहकता ०.१५. वितळलेला थर जाड होत जातो आणि तोच आड येतो. माझ्या हिशोबाने त्वचा २०-२३ ला स्थिरावेल, उष्णता ओढली जाईल १० वॅटच्या आसपास. वेदना बधिर करायचं सांधेजोड यांचं १३ यातून गाठता येणार नाही. ३०० ग्रॅम मेण म्हणजे ६० किलोज्यूल, म्हणजे दीड-पावणेदोन तास पुरेल.

सांधेजोड

म्हणूनच ते तासन् तास ठेवतात. जोरदार आणि थोडा वेळ, की सौम्य आणि खूप वेळ. ही दोन वेगळी औषधं आहेत असं समजा. पळून आल्याआल्या गुडघा ठणकतोय तर पहिलं. उद्याच्या ठणक्यासाठी दुसरं. वर दिलेले चरबीचे आकडे पाहता, जाड थर असलेल्यांच्या स्नायूपर्यंत पोचायला दुसराच मार्ग शहाणपणाचा, कारण १२ अंशांवर तासभर ठेवा असं मी कोणालाही सांगणार नाही.

सौम्य असलं तरी काही जणांना नकोच: थंडीने बोटं पांढरी पडणारे म्हणजे रेनॉडवाले, थंडीने अंगावर पित्त उठणारे, मधुमेहाने पायाची संवेदना गेलेले. आणि झोपताना बांधायचं नाही. शस्त्रक्रियेनंतर गार पाणी फिरवणारी यंत्रं रात्रभर चालू राहिल्याने कातडी मृत झाल्याच्या नोंदी आहेत. यंत्राने स्वतः थांबलं पाहिजे, माणसाच्या आठवणीवर सोडू नका.

नळकांडे

उष्मांक, मला एक सुचतंय. पेल्टियर तुम्हाला आवडतो, ठेवा. पण त्याला मांडीवरून उतरवा. एक छोटी पेटी करा, प्रवासात गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारी, तीत मेणाचा पॅक गोठवा. मैदानावर फक्त पॅक बांधा. गारवा तयार करायला दोन तास आहेत, मग २० मिनिटांत ९७ वॅट फेकायची घाई कशाला?

आकडेमोड्या

अरे वा. ३०० ग्रॅम मेण: गोठायला ६०, आधी ३५ वरून उतरवायला १२, एकूण ७२ किलोज्यूल. दोन तासांत म्हणजे १० वॅट. ०.५ कार्यक्षमतेने वीज २० वॅट, बाहेर फेकायची उष्णता ३०. तळहाताएवढा हीटसिंक आणि शांत पंखा.

पण पॅक १ सेंमी जाड होतोय. एकाच बाजूने ८ अंशांच्या पट्टीवर ठेवला तर गोठायलाच दोन तासांच्या वर. वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावा, तोच वेळ पावपट होतो, अर्ध्या तासाच्या जरा वर. मग मर्यादा मेणाची नाही, पेल्टियरच्या १० वॅटची. मेण ग्रॅफाइटच्या फोममध्ये किंवा ॲल्युमिनियमच्या जाळीत भरलं तर त्वचेकडचा अडथळाही कमी होईल.

टाकाटिपा

जाळी नको, पुन्हा ताठ होईल. गोठलेला पॅक मुळातच ताठ असतो. चॉकलेटच्या वडीसारखे छोटे-छोटे कप्पे करा, मध्ये बिजागरीसारखी मोकळी शिवण. कप्पा ३ सेंमीपेक्षा मोठा नको. आणि वाकलेल्या साच्यातच गोठवा, म्हणजे मांडीचा बाक आधीच येईल. पेटीच्या पट्ट्या सपाट असण्याची सक्ती कुठे आहे?

उष्मांक

बाकदार पेटी! हे डोक्यात आलं नव्हतं. गार-गरम आलटून पालटून देणं यात जाईल, तेवढं वाईट वाटतंय, पण आकड्यांपुढे इलाज नाही. ठरवतो असं: मुख्य रूप मेणाच्या कप्प्यांची पट्टी आणि पेटी. नळकांडे यांची पाण्याची गादी दुसरं रूप, जिथे बर्फ मिळतो तिथल्यासाठी, कारण १३ अंश तिनेच गाठता येतात.

@मेणबत्ती, गळतीचं काय? पॅराफिन पेटतं ना?

मेणबत्ती

पेटतं, पण हेक्झाडेकेनची वाफ भडकायला १३० अंशांच्या वर जावं लागतं, त्यामुळे मांडीवर काळजी नाही. त्रास गळतीचा. पातळ झालं की बारीक भोकातूनही झिरपतं आणि कपड्यावर तेलकट डाग. दुहेरी वेल्ड करा आणि आतला थर पॅराफिनने न फुगणारा निवडा, साधं सिलिकॉन मुळीच नाही, ते फुगतं. वितळताना-गोठताना आकारमान दहा टक्क्यांच्या आसपास बदलतं, कप्पे काठोकाठ भरू नका.

तारांबळ

लिथियम बॅटरी आता हवीच का? ठेवलीत तर १०० वॅट-तासांच्या आत ठेवा, त्याच्या वर गेलात की विमानात परवानगी मागत बसावं लागतं.

शंकासुर

विकायचा विचार असेल तर दाव्याचे शब्द जपून वापरा. अमेरिकेत साधा कोल्ड पॅक पहिल्या वर्गातलं वैद्यकीय उपकरण आहे, पाणी फिरवणारा दुसऱ्या वर्गातलं. म्हणजे नळकांडे यांची गादी आणि मेणाची पट्टी यांचे कागदपत्र वेगवेगळे. त्वचेला टेकणाऱ्या सगळ्याला आयएसओ १०९९३ च्या (शरीराला अपाय होत नाही ना, याच्या) चाचण्या, विजेच्या भागाला आयईसी ६०६०१ हे वैद्यकीय विद्युत-उपकरणांच्या सुरक्षिततेचं मानक. निळ्या दिव्याला काही लागत नाही, पुन्हा सांगतो.

उष्मांक

शंकासुर, दिवा लावतोच, तुमच्या नावाने.

शेवटची विचारणा. माणसावर लावण्याआधी टेबलावर तपासायचं कसं?

आकडेमोड्या

खोटी मांडी करा. खाली तापवणारी चादर, ३६ अंशांवर धरलेली. तिच्यावर ३ सेंमी आगारचा (शेवाळापासून केलेल्या जेलीचा) थर, हा स्नायू. वर १० मिमी सिलिकॉन रबर, ही चरबी, कारण दोघांची वाहकता ०.२ च्याच आसपास. सिलिकॉनचे ५, १०, १५ आणि २० मिमीचे चार तुकडे ठेवा, म्हणजे सांधेजोड यांच्या चारही गटांची माणसं टेबलावर मिळाली (चिमटीत थर दुहेरी येतो, म्हणून आकडे निम्मे). आगारमध्ये १ सेंमी खोल एक थर्मिस्टर. रक्तप्रवाह यात नाही, म्हणून ही मांडी खऱ्यापेक्षा लवकर गार होईल, ते ध्यानात ठेवा.

तारांबळ

आणि त्वचेवरचा सेन्सर पॅकला चिकटवू नका. तो पॅकचं तापमान सांगेल, त्वचेचं नाही. थर्मिस्टर सिलिकॉनवर पातळ टेपने लावा, पाठीवर फोमचा छोटा तुकडा. तरी अर्धा-एक अंश कमीच दाखवेल, कारण फोमच्या कडेने गारवा आत येतो. तार पहिले २-३ सेंमी त्वचेला समांतर न्या, सरळ बाहेर काढलीत तर तारेतूनच बाहेरची उष्णता सेन्सरपर्यंत येईल.

उष्मांक

नोंद केली. आगार भिजत घालतोय. चारही जाड्यांचे आलेख आले की इथेच टाकतो, आकडेमोड्या यांनी २०-२३ सांगितलंय, बघू.

आकडेमोड्या

१० मिमीच्या तुकड्यावर. २० मिमीवर त्वचा अजून गार दिसेल आणि स्नायू जवळजवळ जागचा हलणार नाही. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा.